अडून राहिलेली ऊर्जा

पालघर जिल्ह्याच्या किनारपट्टीवर वीज निर्माण करणारी दोन मोठी केंद्रे आहेत. डहाणूचे केंद्र कोळशावर चालते आणि त्याची क्षमता ५०० मेगावॅट आहे. त्याच्या दक्षिणेला तारापूरचे अणुवीजकेंद्र आहे, ज्याचे तिसरे आणि चौथे एकक प्रत्येकी ५४० मेगावॅटचे आहे. दोन्ही ठिकाणी पाण्याची वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरते आणि त्याला जोडलेले जनित्र वीज देते. वेगळे आहे ते फक्त उष्णतेचे मूळ. डहाणूचे केंद्र पूर्ण क्षमतेने चालवायचे तर दिवसाला लागणारा कोळसा सहा हजार टनांच्या घरात जातो, आणि तो मालगाड्यांनी सतत येत राहावा लागतो. तारापूरच्या ५४० मेगावॅटच्या एका एककाला दिवसाला सुमारे पाव टन नैसर्गिक युरेनियम पुरते, आणि त्यातलीही प्रत्यक्ष फुटणारी केंद्रके सगळी मिळून दोन किलोंच्या आतच असतात.

अकरावी-बारावीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवताना ही तुलना मी पुष्कळदा केली आहे, आणि तिच्यामागोमाग येणारे एक विधान मला नेहमी खटकत आले आहे. अणुइंधनात वस्तुमानाचे ऊर्जेत रूपांतर होते, कोळशात तसे होत नाही, असे सर्रास सांगितले जाते. आइन्स्टाईनने १९०५ मध्ये मांडलेले समीकरण कोळशाला अशी कोणतीही सूट देत नाही. तारापूरचे एक एकक दिवसभरात जेवढी उष्णता निर्माण करते, तिच्या मोबदल्यात इंधनाचे वस्तुमान दीड ग्रॅमहून थोडे अधिक घटते. आणि डहाणूच्या भट्टीत जळणारा कोळसा व त्याच्याशी संयोग पावणारा प्राणवायू यांचे एकत्रित वस्तुमानही दिवसाकाठी ग्रॅम-सव्वा ग्रॅमने कमी होते. डहाणूत ही घट हजारो टनांवर पसरलेली असल्यामुळे ती कोणत्याही तराजूला कळणार नाही. तारापुरात ती दोन किलोंच्या आतल्या द्रव्यात, म्हणजे जवळजवळ हजारात एक भाग एवढी असते. तेव्हा प्रश्न रूपांतर होते की नाही हा नसून, द्रव्यात इतकी दाट ऊर्जा आली कुठून आणि ती आजवर तिथेच कशी राहिली, हा आहे. यातला दुसरा अर्धा भाग मला पहिल्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचा वाटतो. ऊर्जा विश्वात सर्वत्र आहे. पण जी ऊर्जा बाहेर पडण्याच्या वाटेवर कुठेतरी अडून राहिली आहे, आणि जिची अडवणूक आपल्याला बेताबेताने दूर करता येते, तिलाच इंधन म्हणता येते.

कोळशातला कार्बनचा एक अणू प्राणवायूशी संयोग पावतो तेव्हा सुमारे ४ इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या पातळीवर वापरायचे ऊर्जेचे अतिशय लहान माप) ऊर्जा बाहेर पडते. युरेनियम-२३५ चे एक केंद्रक फुटते तेव्हा सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट बाहेर पडतात. पहिला व्यवहार अणूच्या बाहेरच्या भागातल्या इलेक्ट्रॉनांचा आहे, दुसरा केंद्रकाचा. केंद्रकाचा व्यास अणूच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागापासून लाखाव्या भागापर्यंत कुठेतरी असतो, आणि अणूचे जवळजवळ सगळे वस्तुमान तेवढ्या जागेत असते. नुसत्या केंद्रकद्रव्याचा एक घनसेंटिमीटर तुकडा कल्पिला तर त्याचे वजन वीस कोटी टनांहून अधिक भरेल. युरेनियमच्या केंद्रकात ९२ प्रोटॉन असतात. त्या सर्वांवर धन विद्युतभार असल्यामुळे प्रत्येक प्रोटॉन दुसऱ्या प्रत्येकाला दूर ढकलत असतो, म्हणजे ढकलाढकलीच्या ४१८६ जोड्या एकाच वेळी कार्यरत असतात. त्यांना एकत्र ठेवणारे प्रबळ केंद्रकीय बल विद्युतबलापेक्षा कितीतरी मोठे आहे, परंतु त्याचा पल्ला अगदी तोकडा आहे: ते लगतच्या शेजाऱ्यापुरतेच पोहोचते, तर विद्युत प्रतिकर्षण केंद्रकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहोचते. लहान केंद्रकात त्यामुळे प्रबळ बल सहज वरचढ ठरते. केंद्रक मोठे होत गेले की प्रतिकर्षणाचा हिशोब भारी होत जातो, आणि युरेनियमपाशी आपण अशा केंद्रकापर्यंत पोहोचतो जे जेमतेम एकसंध राहिलेले आहे.

ही गोष्ट पहिल्यांदा ज्या माणसांना उमगली, त्यांची हकीकत मला विज्ञानाच्या इतिहासातल्या सर्वांत हृद्य हकीकतींपैकी एक वाटते. डिसेंबर १९३८ मध्ये बर्लिनमध्ये ऑटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान यांना न्यूट्रॉनांचा मारा केलेल्या युरेनियममध्ये बेरियम सापडले. युरेनियमपेक्षा पुष्कळच हलके असलेले हे मूलद्रव्य तिथे आले कसे, हे त्या दोन निष्णात रसायनशास्त्रज्ञांना उलगडेना. त्यांची अनेक वर्षांची सहकारी लिझे माइटनर ही ज्यू कुळातली असल्यामुळे त्याच वर्षीच्या जुलैमध्ये तिला जर्मनी सोडून निघून जावे लागले होते, आणि ती स्वीडनमध्ये आश्रयाला होती. हानचे पत्र तिला मिळाले. नाताळच्या सुट्टीत तिचा भाचा ऑटो फ्रिश तिला भेटायला आला होता. स्वीडनमधल्या कुंगेल्व या गावी बर्फातून फिरताना दोघांनी या कोड्याचा विचार केला, आणि वाटेतच बसून कागदाच्या तुकड्यांवर आकडे मांडले. केंद्रक दोन भागांत फुटले, तर ते भाग विद्युत प्रतिकर्षणाने एकमेकांपासून सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट एवढ्या ऊर्जेने दूर फेकले जातील, असा हिशोब निघाला. मग ही ऊर्जा येणार कुठून? माइटनरला केंद्रकांच्या वस्तुमानांची सूत्रे पाठ होती. फुटून झालेल्या दोन तुकड्यांचे एकूण वस्तुमान मूळ केंद्रकापेक्षा प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या सुमारे पंचमांशाने कमी भरते, हे तिने काढले, आणि तेवढ्या वस्तुमानाची ऊर्जा बरोबर तेवढीच येत होती. स्पष्टीकरणाचा त्यांचा निबंध फेब्रुवारी १९३९ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. या शोधासाठी १९४४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक एकट्या हानला देण्यात आले. माइटनरला ते कधीच मिळाले नाही, आणि हा अन्याय नंतरच्या कोणत्याही सन्मानाने भरून निघालेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या हिशोबातली एक बाब नीट लक्षात घेण्यासारखी आहे. विखंडनातून, म्हणजे केंद्रक फुटण्यातून, मिळणारी ऊर्जा बहुतांशी विद्युत प्रतिकर्षणाची असते. प्रबळ बलाने तिला दाबून धरलेले असते, एवढाच त्या बलाचा त्या ऊर्जेशी संबंध. न्यूट्रॉन आत शिरतो, केंद्रक लांबट होते, त्याच्या मध्यभागी कंबर पडते, तोकड्या पल्ल्याचे बल त्या कंबरेपलीकडे पोहोचू शकत नाही, आणि इतका काळ दबलेले प्रतिकर्षण एकदम मोकळे होते.

केंद्रकातल्या प्रत्येक प्रोटॉनमागे आणि न्यूट्रॉनमागे किती बंधनऊर्जा आहे याचा आलेख काढला, तर तो लोखंड आणि निकेल यांच्यापाशी सर्वांत उंच जातो. तिथे ती दर कणामागे सुमारे ८८ लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, युरेनियमपाशी सुमारे ७६ लाख, हेलियमपाशी सुमारे ७१ लाख, आणि जड हायड्रोजनपाशी जेमतेम ११ लाख. बंधन जितके घट्ट, तितकी ऊर्जा आधीच बाहेर गेलेली. त्यामुळे हलकी केंद्रके जुळली तरी ऊर्जा मिळते आणि जड केंद्रके फुटली तरी मिळते. दोन्ही बाजूंची वाट लोखंडाकडे जाते, आणि लोखंडापासून पुढे कुठेच नाही. मग सारे विश्व केव्हाच लोखंडाचे का झाले नाही? कोयनेचे उदाहरण घेतले तर हे समजणे सोपे जाते. शिवसागर जलाशयातले पाणी कोकणच्या पातळीहून कितीतरी उंच आहे, पण मधे सह्याद्रीची भिंत असल्यामुळे ते आपण होऊन पश्चिमेला उतरू शकत नव्हते. डोंगरातून बोगदे खणले गेले, तेव्हा कुठे तेच पाणी पोफळीच्या भूमिगत वीजगृहात कोसळू लागले. केंद्रकांच्या बाबतीतही लोखंडाकडचा उतार तयार आहे, मात्र जवळजवळ प्रत्येक ठिकाणी वाटेत एक उंच अडसर आहे.

सूर्य हा अडसर कसा ओलांडतो, हे कळायला विसाव्या शतकाची पहिली चार दशके गेली. हायड्रोजनच्या चार अणूंपेक्षा हेलियमचा एक अणू किंचित हलका असतो, हे रसायनशास्त्रज्ञ ॲस्टनच्या मोजमापांतून दिसले, आणि त्यावरून १९२० मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनने सूर्याच्या ऊर्जेचे मूळ याच फरकात असावे, असे सुचवले. सूर्याच्या गाभ्याचे सुमारे दीड कोटी अंश तापमानही दोन प्रोटॉनांना एकमेकांवर चढवून त्यांच्यातले प्रतिकर्षण ओलांडायला अपुरे पडते. पुंजयांत्रिकीप्रमाणे, म्हणजे सूक्ष्म कणांच्या नियमांप्रमाणे, कणाला अडसराच्या पलीकडे सापडण्याची थोडी शक्यता नेहमीच असते, आणि त्या शक्यतेवरच सूर्याचा सगळा प्रपंच चालतो. मात्र एवढ्याने भागत नाही. दोन प्रोटॉन जवळ येतात त्या निमिषार्धात त्यांतल्या एकाचे न्यूट्रॉनमध्ये रूपांतर व्हावे लागते, आणि हे काम क्षीण बल नावाच्या वेगळ्याच बलाकडे असल्यामुळे ते अतिशय क्वचित घडते. सूर्याच्या गाभ्यातल्या एखाद्या प्रोटॉनला आपली पाळी येण्यासाठी सरासरी अब्जावधी वर्षे थांबावे लागते. म्हणूनच सूर्य, एकूण प्रकाश एवढा प्रचंड असूनही, दर किलोमागे अतिशय मंद ऊर्जा देतो. आपले शरीर बसल्या बसल्या दर किलोमागे त्याच्या हजारो पट उष्णता निर्माण करत असते. सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियम होते आणि त्यात सुमारे ४० लाख टन वस्तुमान प्रकाशाच्या रूपाने निघून जाते, तरीही सूर्य साडेचार अब्ज वर्षे टिकला, आणि पृथ्वीवर जीवसृष्टीला रुजायला तेवढा अवधी मिळाला, तो या रेंगाळण्यामुळे.

डहाणूचा कोळसा हाही याच हिशोबात बसतो. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींनी जो सूर्यप्रकाश आपल्या देहात साठवला, तो हायड्रोजनच्या केंद्रकांतूनच बाहेर पडलेला होता. त्या अर्थाने डहाणू आणि तारापूर ही दोन्ही अणुऊर्जेचीच केंद्रे आहेत. एकाचे केंद्रकीय काम सूर्यात केव्हाच उरकलेले आहे, दुसऱ्याचे इथे, धातूच्या नळ्यांच्या आणि काँक्रीटच्या भिंतींआड, रोज होत आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांनाही यात थोडा वाटा द्यावा लागेल, कारण पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या उष्णतेचा साधारण निम्मा भाग युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांच्या किरणोत्सारी क्षयातून येतो.

युरेनियम मात्र सूर्यासारख्या ताऱ्यात तयार होऊ शकत नाही. लोखंडाच्या पलीकडचा चढ चढायला बाहेरून ऊर्जा आणि न्यूट्रॉनांचा लोंढा हवा, आणि तो अतिप्रचंड उलथापालथीतच मिळतो. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून आलेल्या गुरुत्वीय लहरी नोंदवल्या गेल्या, आणि त्याच टकरीच्या प्रकाशात नव्याने बनलेल्या जड मूलद्रव्यांच्या खुणा दिसल्या. अशा लहरी टिपणारी एक वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहणार आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो. युरेनियमच्या केंद्रकात साठलेले प्रतिकर्षण हे अशाच एखाद्या आपत्तीत, सूर्य जन्मण्यापूर्वी, कोंबून भरले गेले. ते आजवर उरले, कारण युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य, म्हणजे अर्धे द्रव्य क्षय पावायला लागणारा काळ, सुमारे ४४७ कोटी वर्षे आणि युरेनियम-२३५ चे सुमारे ७० कोटी वर्षे आहे. यातला दुसरा आकडा बराच कमी असता, तर सहज फुटणारा हा समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वस्तुमानाचा प्रकार) आपण येईपर्यंत जवळजवळ संपून गेला असता. आजच्या नैसर्गिक युरेनियममध्ये तो शेकडा ०.७२ एवढाच शिल्लक आहे.

आफ्रिकेतल्या गॅबन देशात ओक्लो येथे या शिलकेचा एक विलक्षण पुरावा सापडला. १९७२ मध्ये फ्रान्समधल्या एका युरेनियम प्रक्रिया केंद्रात तिथल्या खाणीतल्या युरेनियमची तपासणी करताना युरेनियम-२३५ चे प्रमाण ०.७२० ऐवजी ०.७१७ भरले. फरक तिसऱ्या दशांश स्थानावरचा होता, पण तपासणाऱ्यांनी तो सोडून दिला नाही. शोध घेतल्यावर कळले की सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी, जेव्हा नैसर्गिक युरेनियममध्ये हा समस्थानिक शेकडा तीनच्या आसपास होता, तेव्हा त्या खनिजाच्या थरांत भूजल झिरपून विखंडनाची साखळी आपोआप सुरू झाली होती. पाणी न्यूट्रॉनांचा वेग मंदावत होते, त्यामुळे विखंडन वाढत होते. उष्णतेने पाणी उकळून निघून गेले की साखळी थांबत होती. खडक थंड होऊन पाणी परतले की ती पुन्हा सुरू होत होती. अर्ध्या तासाचे काम आणि मग सुमारे अडीच तासांची विश्रांती, असे हे चक्र लाखो वर्षे चालले, हे खनिजात अडकलेल्या झेनॉन वायूच्या प्रमाणावरून काढता आले. ओक्लोबद्दल वाचल्यापासून अणुभट्टी ही केवळ मानवी बुद्धीची करामत आहे, असे मी वर्गात कधी म्हटलेले नाही.

आपल्या भट्ट्यांना मात्र उकळून सुटणाऱ्या पाण्याच्या लहरीवर विसंबता येत नाही. एका विखंडनातून सरासरी अडीच न्यूट्रॉन निघतात आणि त्यांतला नेमका एक पुढचे विखंडन घडवेल, अशी व्यवस्था ठेवावी लागते. हे न्यूट्रॉन बहुतेक सगळे तत्क्षणी बाहेर पडतात, आणि साखळीची एक पिढी सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहून लवकर उरकते. तेवढ्यावरच सगळे असते, तर कोणतीही यंत्रणा न्यूट्रॉन शोषणाऱ्या नियंत्रक कांड्या वेळेत हलवू शकली नसती. परंतु युरेनियम-२३५ च्या हजार न्यूट्रॉनांपैकी सहा-सात जण उशिरा निघतात. फुटलेल्या तुकड्यांच्या क्षयातून, काही सेकंदांनी, काही तर जवळजवळ मिनिटभराने. शिकागोत २ डिसेंबर १९४२ रोजी भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मीने पहिली भट्टी संथपणे वाढवत नेली आणि सहज थांबवली, ती या थोड्याशा उशिरा येणाऱ्यांच्या भरवशावर. केंद्रकाची ऊर्जा स्फोटाऐवजी इंधन म्हणून वापरता येते, याचे श्रेय त्यांना द्यावे लागते.

तारापूरची पहिली दोन एकके १९६९ मध्ये सुरू झाली. ती अमेरिकन बनावटीची. त्यांत साधे पाणी आणि युरेनियम-२३५ चे प्रमाण वाढवलेले समृद्ध इंधन वापरले जाते. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने हा पुरवठा आखडता घेतला आणि पुढे बंद केला, तेव्हा फ्रान्स, चीन आणि रशिया यांच्याकडून इंधन आणण्याची पाळी आली. चौथे एकक २००५ मध्ये आणि तिसरे २००६ मध्ये सुरू झाले. त्यांत नैसर्गिक युरेनियमच चालते, कारण वेग मंदावण्यासाठी वापरलेले जड पाणी साध्या पाण्यापेक्षा फारच थोडे न्यूट्रॉन गिळते. हेच आपल्या देशाने निवडलेले मुख्य धोरण. या दोन एककांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी या गावांतल्या लोकांना आपली घरे आणि किनारा सोडावा लागला. अणुऊर्जेचा मी पक्षपाती आहे, आणि म्हणूनच तिच्या जमाखर्चात या गावांची नावे ठळकपणे लिहिली गेली पाहिजेत, असे मला वाटते.

जमाखर्चाची आणखी एक बाजू केंद्रकातूनच येते. साखळी थांबवली तरी विखंडनाचे तुकडे क्षय पावत राहतात आणि उष्णता देत राहतात. भट्टी बंद केल्या क्षणी ही उष्णता पूर्ण शक्तीच्या शेकडा सहा-सात एवढी असते, तासाभराने शेकडा दीडच्या आसपास, दिवसाने अर्ध्या टक्क्याजवळ. ५४० मेगावॅट वीज देणाऱ्या एककात सुमारे सतराशे मेगावॅट उष्णता निर्माण होते. तिचा दीड टक्का म्हणजे पंचवीस मेगावॅट, आणि ती कोणत्याही कळीने बंद करता येत नाही. फुकुशिमात ११ मार्च २०११ रोजी भूकंप होताच चालू भट्ट्यांतली साखळी ठरल्याप्रमाणे थांबली होती. त्सुनामीने वीज आणि पंप निकामी केले, आणि भट्ट्यांचे गाभे वितळले ते या मागे राहिलेल्या उष्णतेने. जी दिरंगाई भट्टीला आवरायला मदत करते, तीच इथे शत्रू होते, आणि तिच्यासाठी थंडाव्याची तजवीज दिवसरात्र, वर्षानुवर्षे ठेवावी लागते.

युरेनियमचे आपले साठे माफक आहेत, थोरियमचे मात्र विपुल. केरळ, तमिळनाडू, आंध्र प्रदेश आणि ओडिशाच्या किनाऱ्यांवरच्या मोनाझाइट वाळूत ते आहे. होमी भाभांनी १९५४ मध्ये मांडलेल्या तीन टप्प्यांच्या योजनेचा शेवटचा टप्पा त्यावरच आधारलेला आहे. पण थोरियम हे स्वतः इंधन नाही. थोरियम-२३२ चे केंद्रक न्यूट्रॉन शोषून घेते, त्याचे लवकरच प्रोटॅक्टिनियम-२३३ होते, आणि त्याचे सुमारे २७ दिवसांच्या अर्धायुष्याने युरेनियम-२३३ होते, जे फुटते. या २७ दिवसांत प्रोटॅक्टिनियमने आणखी एक न्यूट्रॉन गिळला, तर हाती यायचे इंधन निसटते. सोबत थोडे युरेनियम-२३२ तयार होते, ज्याच्या वंशजांचे भेदक गॅमा किरण इंधन हाताळणे अवघड करतात. कल्पाक्कमची ‘कामिनी’ ही ३० किलोवॅटची छोटी भट्टी १९९६ पासून युरेनियम-२३३ वर चालली आहे, म्हणजे हे शक्य आहे याबद्दल शंका नाही. मात्र वीज देणारी मोठी भट्टी बांधणाऱ्यांना एका आकड्याशी जुळवून घ्यावे लागेल: युरेनियम-२३३ च्या हजार न्यूट्रॉनांपैकी उशिरा निघणारे दोन-तीनच असतात, युरेनियम-२३५ च्या निम्म्याहूनही कमी.